लेगोच्या एका डब्यात दोन मर्सिडीज : शर्यतीची डब्ल्यू१२ आणि रस्त्यावरची प्रोजेक्ट वन

बोरघाट

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी लेक (वय ११) मिळून लेगोचा स्पीड चॅम्पियन्स मालिकेतला ७६९०९ हा संच जोडला. एका डब्यात दोन गाड्या आहेत. एक मर्सिडीजची २०२१ च्या हंगामातली फॉर्म्युला वन गाडी डब्ल्यू१२, दुसरी मर्सिडीज-एएमजी प्रोजेक्ट वन. एकूण ५६४ तुकडे, दोन चालक. संच २०२२ चा, त्यामुळे आता दुकानात सहज दिसत नाही. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळाला. डबा एका कोपऱ्यात चेपलेला आला, पण आतल्या पिशव्या शाबूत होत्या.

हाच संच का, ते आधी सांगतो. दोन गाड्यांचे लेगो संच बरेच आहेत. बहुतेकांत एक जुनी आणि एक नवी, किंवा एक डांबरावरची आणि एक मातीतली, अशी जोडी असते. इथली जोडी निराळी आहे. या दोन गाड्यांचं रूप एकमेकींशी अजिबात जुळत नाही. एक उघडी, चाकं बाहेर काढलेली, मधोमध एकटा माणूस. दुसरी नखशिखांत झाकलेली, दोन माणसं शेजारी बसतील अशी. पण काळीज एकच! १.६ लिटरचं व्ही६ टर्बो हायब्रिड इंजिन, जे मर्सिडीजने शर्यतीसाठी घडवलं आणि मग रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं ठरवलं. २०१७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 'प्रोजेक्ट वन' या नावाने ती गाडी दाखवली. प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. फक्त २७५ गाड्या. तोवर नावातला 'प्रोजेक्ट' गळून नुसतं 'एएमजी वन' उरलं होतं, डब्यावर मात्र जुनंच नाव राहिलं.

जोडणीबद्दल. प्रत्येक गाडीची पुस्तिका वेगळी आहे, ही फार सोयीची गोष्ट. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी एफ-वन घेऊन बसलो, दुसऱ्या बाजूला लेक प्रोजेक्ट वन घेऊन. दोघांच्या पिशव्या वेगळ्या, ताटं वेगळी (आम्ही तुकडे स्टीलच्या ताटांत ओततो, आवाजावरून खाली पडलेला पीस लगेच कळतो). एकच पुस्तिका असती तर एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने तुकडे शोधून द्यायचे, असं झालं असतं.

एफ-वन गाडी काळी आहे. आमची सुरुवात संध्याकाळी झाली आणि काळ्या ताटलीएवढ्या ढिगात काळे पीस शोधताना डोळे दुखले. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसलो. तुम्हीही दिवसाच बसा. ही गाडी लांबट आहे, जोडताना ती नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू ताणली जाते. पुढचा पंख, त्यावर निमुळतं नाक, मग चालकाची बैठक, डोक्यामागे हवा घेणारं तोंड, मग एकदम बारीक होत गेलेली कंबर आणि शेवटी उंच मागचा पंख. खऱ्या गाडीतही कंबर तशीच आवळलेली असते, मागच्या पंखाकडे हवा स्वच्छ जावी म्हणून. ठोकळ्यांत ती कंबर इतकी छान साधली आहे की मी तिथे पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

आणि हेलो. चालकाच्या डोक्यावरची कमान. लेकीने विचारलं, "बाबा, हे कशाला? समोरचं दिसायला अडचण नाही होत?" मग मी तिला २०२१ च्या इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीचं सांगितलं. पहिल्या वळणावर रेड बुल संघाच्या व्हर्स्टापेनची गाडी मर्सिडीजच्या हॅमिल्टनच्या गाडीवर चढली. मागचं चाक थेट डोक्यावर आलं होतं. हेलो मध्ये होता म्हणून हॅमिल्टन चालत बाहेर आला. ती गाडी हीच, डब्ल्यू१२. लेकीने कमान बसवल्यावर ती अंगठ्याने दाबून पाहिली, घट्ट बसली आहे ना म्हणून. मालिकेतल्या कुठल्याही गाडीने आम्हाला असा क्षण दिला नव्हता.

प्रोजेक्ट वनची जोडणी पूर्ण वेगळ्या घराण्याची. इथे अंग गोलाकार आणि बंद आहे, म्हणून निम्मे ठोकळे आडवे बसतात. काटकोनी पीस लावायचा, म्हणजे स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) वर न येता बाजूला येतात, मग त्यांच्यावर दाराचा आणि चाकावरच्या कमानीचा भाग बाहेरून चिकटवायचा. लेकीचं दोनदा चुकलं आणि तिने दोन्ही वेळा स्वतःच उलगडून नीट केलं. छपरावरची हवेची वाट आणि तिथून मागे गेलेला माशाच्या पंखासारखा उभा पट्टा पाहिला की कळतं, ही कोणाची लेक आहे. शेजारी ठेवलेल्या काळ्या गाडीच्या डोक्यामागेही तसंच तोंड आहे.

आता नावडलेलं. स्टिकर! भरपूर आहेत. राखाडी-काळ्या अंगावर ताऱ्यांची नक्षी, प्रायोजकांची नावं, हिरवट-निळ्या रेघा. काळ्या ठोकळ्यावर काळ्या पार्श्वभूमीचा स्टिकर लावला की दोन काळ्यांतला फरक उजेडात दिसतो. स्टिकर न लावता प्रोजेक्ट वन ठेवली तर ती कुठलीही वेगवान गाडी वाटेल. एवढी भिस्त कागदावर नको होती.

दुसरी खंत जास्त खोलची आहे. ज्या इंजिनामुळे या दोघी एका डब्यात आल्या, ते इंजिन दोन्ही गाड्यांत नाही. एफ-वनमध्ये वरचं आवरण घट्ट बसलेलं, आत नुसता आधाराचा भराव. प्रोजेक्ट वनमध्येही तेच. मान्य आहे की एवढ्या आकारात जागा नाही. पण चार-पाच तुकड्यांचं इंजिन डब्यात सुटं दिलं असतं तरी चाललं असतं. लेकीने शेवटी विचारलंच, "मग सारखं काय आहे यांच्यात?" मी तोंडी सांगितलं. दाखवता आलं नाही.

तरीही मी हा संच घ्या असंच म्हणेन, आणि दोन्ही गाड्या शेजारी ठेवा. वेगळ्या कपाटांत नको.

सदाफुली

सुंदर लिहिलंय. ताटांची युक्ती उचलली.

मला मात्र प्रोजेक्ट वन जास्त आवडली. एफ-वन गाडी ठोकळ्यांत तशीही सोपी जाते, कारण मुळातच ती कोनाकोनांची आहे. वाहत्या अंगाची गाडी चौकोनी तुकड्यांतून काढणं हे खरं कसब. हेडलाइटपासून दारापर्यंत जाणारी रेघ मी दिवसभर न्याहाळत होते.

स्टिकरसाठी माझी पद्धत: वाटीत पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. बोटाने पीसवर पुसायचं, चिमट्याने स्टिकर ठेवायचा. ओला असताना सरकवता येतो. जागेवर आला की सुती कापडाने मधून बाहेर दाबत पाणी काढायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. ताऱ्यांची नक्षी दोन पीसवर सलग जुळवायची असते, तिथे या पद्धतीवाचून माझं झालंच नसतं.

नवशिका

एक प्राथमिक प्रश्न. दोन्ही गाड्या एकाच प्रमाणात आहेत का? फोटोत एफ-वन खूप लांब दिसते. आणि छोटा माणूस गाडीच्या मानाने जाडा का वाटतो?

पाटीपेन्सिल

नवशिका, हिशेब करून पाहू. मी शाळेत हेच उदाहरण देते.

लेगोत एका स्टडची जागा ८ मिलिमीटरची. स्पीड चॅम्पियन्स २०१५ साली सुरू झाली तेव्हा गाड्या ६ स्टड रुंद असत, २०२० पासून ८ स्टड झाल्या. म्हणजे ६४ मिलिमीटर. खरी एएमजी वन साधारण २ मीटर रुंद आहे. २,००० भागिले ६४, म्हणजे ३१ च्या थोडं वर. प्रमाण झालं सुमारे एकास एकतीस. गंमत अशी की २०२१ च्या नियमांत एफ-वन गाडीचीही कमाल रुंदी २ मीटरच होती. रुंदीला दोघी बरोबरीच्या, लांबीत मात्र एफ-वन पुढे. एएमजी वन पावणेपाच मीटरची, तर त्या वर्षीच्या एफ-वन गाड्या पाच मीटरच्या वर गेल्या होत्या. फोटोत दिसलेला फरक खरा आहे.

माणसाचं म्हणाल तर लेगोचा छोटा माणूस जवळपास ४ सेंटिमीटर उंच. एकतीसने गुणलं तर सव्वा मीटर. म्हणजे उंचीने तो पहिली-दुसरीतल्या मुलाएवढा आणि खांद्याने पैलवान. १९७८ पासून त्याचा घाट तोच आहे, गाड्याच त्याच्याभोवती बदलत गेल्या. ६ स्टडच्या जुन्या गाड्यांत तो एकटाच मधोमध बसे, शेजारी जागा उरत नसे. आठ स्टड झाल्यामुळे गाड्यांना खरी ठेवण आली, असं माझं मत.

नटबोल्ट

बोरघाटदादा, तुमच्या लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी इंजिनांच्या सुट्या भागांच्या कामात आहे (शर्यतीच्या नव्हे, साध्या गाड्यांच्या), त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

दोघींत सारखं काय? १.६ लिटर, सहा सिलिंडर, इंग्रजी व्हीसारख्या तीन-तीनच्या दोन ओळी, ओळींमधला कोन ९० अंश. एक टर्बो, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून इंजिनात हवा दाबणारं यंत्र. त्या टर्बोच्या दांड्यावर एक विजेची मोटर, तिला एमजीयू-एच म्हणतात. धुराच्या झोतातून ती वीज बनवते आणि गरज पडली की टर्बोला आधीच फिरवून ठेवते, त्यामुळे पाय दाबल्यावर वाट बघावी लागत नाही. दुसरी मोटर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) जोडलेली, एमजीयू-के, १२० किलोवॅटची. इथपर्यंत दोघी बहिणी.

एएमजी वनला पुढच्या दोन चाकांना आणखी दोन मोटरी आहेत, म्हणजे चारही चाकं ओढतात. एकूण ताकद १,०६३ अश्वशक्ती.

आणि आता फरक. मला यातलं काम सगळ्यात थोर वाटतं ते इथे. एफ-वनचं इंजिन सकाळी किल्ली फिरवून सुरू होत नाही. आधी त्यात गरम पाणी आणि तेल फिरवावं लागतं, कारण भागांमधली फट इतकी कमी ठेवलेली असते की थंड असताना ते नीट फिरणारच नाहीत. एका हंगामात चालकाला तीन इंजिनं मिळत. नुसतं उभं असतानाही ते मिनिटाला काही हजार फेऱ्यांवर गुरगुरत असतं. हे सगळं घेऊन तुम्ही सिग्नलला उभे राहू शकत नाही. धुराच्या नियमात तर बसूच शकत नाही.

मग त्यांनी काय केलं? उभ्या गाडीतल्या फेऱ्या १,२०० च्या आसपास आणल्या. वरची मर्यादा ११,००० वर ठेवली (शर्यतीत नियम १५,००० पर्यंत परवानगी देतो). धूर स्वच्छ करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले आणि ते विजेने तापवायची सोय केली. गाडी सुरू केली की आधी नुसत्या विजेवर चालते, कन्व्हर्टर तापले की मग इंजिन जागं होतं. यात पाच वर्षं गेली. उशीर झाला म्हणून तेव्हा बरीच टीका झाली, पण ज्याने कधी कमी फेऱ्यांवर हलकं इंजिन स्थिर ठेवायचा प्रयत्न केला आहे, तो टीका करणार नाही.

वजन बघा. २०२१ ला एफ-वन गाडीचं किमान वजन चालकासकट ७५२ किलो. एएमजी वन १,६९५ किलो. दुपटीहून जास्त! दारं, काचा, दिवे, बॅटरी, एअरबॅग, कन्व्हर्टर. माणसांच्या जगात राहायचं तर एवढं अंगावर घ्यावं लागतं.

मीराविलायत

नटबोल्ट यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये राहते. या दोन्ही गाड्यांची इंजिनं ब्रिक्सवर्थ नावाच्या गावात बनली आणि एफ-वनची गाडी ब्रॅकलीत. दोन्ही गावं आमच्याच परगण्यात. सिल्व्हरस्टोनची शर्यतीची पट्टीही इथलीच. एएमजी वन जोडली गेली कॉव्हेंट्रीला. नाव जर्मन असलं तरी ही जोडी आमच्या शेतांमधून निघाली.

ब्रिक्सवर्थला मी पहिल्यांदा गेले ती चर्च पाहायला. सातव्या शतकात सुरू झालेलं, रोमन विटा पुन्हा वापरून बांधलेलं चर्च आहे तिथे. जुन्या पडक्या इमारतींच्या विटा काढून नव्या कमानी रचल्या आहेत, त्या अजून उभ्या आहेत. त्याच गावात हे इंजिन बनतं हे तिथल्या चहाच्या दुकानात कळलं. लेगोच्या धाग्यात विटांचा विषय निघाला म्हणून सांगितलं.

संचाबद्दल: माझ्या मुलाने हेल्मेट काढून चालकाला केस लावले आणि "हा हॅमिल्टन" म्हणून ठेवला. २०२१ चा तो हंगाम आमच्या घरात फार मनाला लागला होता. रशियात सोचीला हॅमिल्टनचा शंभरावा विजय याच गाडीत, आणि डिसेंबरमध्ये अबू धाबीला शेवटच्या फेरीत विजेतेपद गेलं तेही याच गाडीत. संघाचं अजिंक्यपद मात्र सलग आठव्यांदा आलं. शोकेसमधली ती काळी गाडी पाहिली की मुलाला अजून तो दिवस आठवतो.

आकुर्डीकर

मंडळी, मला लेगोतलं फारसं कळत नाही, नातवामुळे धागा उघडला. पण मर्सिडीजचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर.

मर्सिडीज भारतात पहिल्यांदा बनली ती आमच्या पिंपरीत. १९९५ साली, टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात, डब्ल्यू १२४ म्हणजे ई-क्लास. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. पिंपरीच्या त्या दिवसांत मी जवळच एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. दुपारच्या सुट्टीत त्या गाड्या चाचणीला बाहेर पडायच्या तेव्हा आम्ही चहा तसाच ठेवून दाराशी यायचो. आवाज जवळजवळ नाहीच. आमच्या फोरमनने सांगितलं होतं, "दार लावताना ऐका." खरोखर, दार लागायचा आवाज तिजोरीसारखा.

नातू म्हणतो त्याला हाच संच हवा. भारतात इतका महाग का पडतो हे कोणी सांगेल का? माझ्या पुतणीने परदेशातली किंमत सांगितली, तिच्यात आणि इथल्यात बरंच अंतर दिसलं.

सदाफुली

काका, मुख्य कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे.

घेताना एवढं बघा: डब्याची सील शाबूत आहे का, आणि तळाला ७६९०९ हा आकडा आहे का. नकली संच हुबेहूब चित्र लावून येतात. त्यांचे ठोकळे एक तर इतके घट्ट की नातवाची नखं दुखतील, नाही तर इतके सैल की गाडी उचलताच पंख हातात येईल. जुना पण पूर्ण संच कोणी विकत असेल तर तोही वाईट नाही, फक्त स्टिकर आधीच कसे लावलेत ते फोटोत पाहून घ्या.

आकुर्डीकर

धन्यवाद ताई. नखांचं लक्षात ठेवतो.

नवशिका

नटबोल्ट सर, ते एमजीयू-एच आताच्या शर्यतींतही असतं का?

नटबोल्ट

सर नको, नटबोल्टच म्हणा. २०२६ च्या नव्या नियमांत एमजीयू-एच काढून टाकलं आहे. फार किचकट आणि खर्चिक, नव्या कंपन्या त्यामुळे यायला कचरत होत्या. म्हणजे प्रोजेक्ट वन आता एका संपलेल्या पर्वाची रस्त्यावरची आठवण झाली आहे. म्हणून हा डबा माझ्यासाठी २०२२ पेक्षा आज जास्त मोलाचा आहे.

आणि ती नुसती शोभेची नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या पट्टीच्या २० किलोमीटरहून लांब फेरीला तिने ६ मिनिटं ३५ सेकंद घेतले, २०२४ मध्ये ते ६ मिनिटं २९ सेकंदांवर आणले. नंबरपाट्या लावून रस्त्यावर फिरणारी गाडी आहे ही!

पाटीपेन्सिल

लेगोने २०२५ मध्ये स्पीड चॅम्पियन्समध्ये एफ-वनचे दहाही संघ काढले, त्यांच्या टायरांवर पिरेली या टायर कंपनीची अक्षरं छापलेली आहेत. डब्ल्यू१२ च्या टायरांवर काहीच नाही, तिथे ती गाडी जुनी दिसते. पण नव्या गाड्या एकेकट्या डब्यात येतात. जोडीचा संच मला शिकवायला जास्त उपयोगी पडला. सातवीच्या वर्गात दोन्ही गाड्या टेबलावर ठेवून विचारलं, "यांतली जड कुठली?" सगळ्यांनी एफ-वन सांगितली, कारण ती लांब आणि भीतीदायक दिसते. मग आकडे फळ्यावर लिहिले. त्यानंतर अर्धा तास मुलं स्वतःच भांडत होती, दुसरीचं वजन कशाकशाने वाढलं असेल यावर. एका मुलीने सांगितलं, "बाई, वाइपर." इतकं बरोबर निरीक्षण मला सुचलं नव्हतं.

बोरघाट, तुमच्या इंजिनाच्या खंतीशी पूर्ण सहमत. फळ्यावर मलाही ते चित्र काढून दाखवावं लागलं.

बोरघाट

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. वाइपरवर ती खूश झाली. आकुर्डीकर काका, तुमच्या दाराच्या आवाजाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली.

आता मुख्य बातमी. नटबोल्ट यांनी लिहिलं ना, तीन-तीनच्या दोन ओळी आणि मधला कोन ९० अंश? ती ऐकल्या ऐकल्या उठली आणि सुट्या तुकड्यांचा डबा घेऊन बसली. आधी तिने ठोकळे तिरपे टेकवून पाहिले, पडले. मग म्हणाली, "बाबा, तो काटकोनी पीस. ज्याने दार लावलं तो. त्याचे स्टड एका बाजूला वर असतात आणि एका बाजूला बाहेर. म्हणजे तो आधीच ९० आहे. नुसता कलता करायचा."

मी आजवर तो पीस शेकडो वेळा लावला असेन. तो कलता करून बघावा हे मनात आलं नव्हतं.

तर कृती अशी. एक काटकोनी पीस जुन्या पोलिस स्टेशनच्या संचातून काढला. त्याच्या दोन्ही अंगांवर तीन स्टडची एकेक पट्टी. प्रत्येक पट्टीवर तीन गोल पीस, प्रोजेक्ट वनच्या पिशव्यांत जास्तीचे आलेले दोन आणि बाकीचे इकडून तिकडून. झाले सहा सिलिंडर. हे कलतं उभं राहावं म्हणून खाली ४५ अंशांच्या उताराचे दोन ठोकळे समोरासमोर ठेवून खाच केली, तिच्यात काटकोनाचा कोपरा अचूक बसतो. हात काढला तरी हलत नाही.

दोन्ही गाड्यांच्या मध्ये ठेवलं आहे. आकाराने एफ-वनच्या पोटात मावणार नाही, पण आता कोणी आलं की ती आधी इंजिन हातात देते आणि मग गाड्या दाखवते.

सदाफुली

फोटो टाका ना! गोल पीस कुठल्या रंगाचे घेतलेत?

बोरघाट

तीन राखाडी, दोन पारदर्शक लाल, एक पिवळा. राखाडी संपले. फोटो उद्या, उजेडात.

नटबोल्ट

लेकीला माझा नमस्कार सांगा. कामावरच्या आमच्या मुलांना व्हीचा कोन समजावायला मी यापुढे हाच पीस वापरणार.

तिला हवं असेल तर पुढचं काम सांगतो. मर्सिडीजने २०१४ पासून टर्बोचे दोन भाग वेगळे केले. हवा दाबणारा पंखा इंजिनाच्या पुढच्या टोकाला, धुरावर फिरणारा पंखा मागच्या टोकाला, आणि दोघांना जोडणारा दांडा व्हीच्या घळीतून आरपार गेलेला. त्या दांड्यावर मधोमध एमजीयू-एच. गरम भाग मागे राहिल्यामुळे पुढची हवा थंड राहते. बाकीचे संघ बघत राहिले होते त्या वर्षी. तुमच्या इंजिनाच्या घळीत एखादी बारीक दांडी बसते का पाहा.

बोरघाट

बसली. लेगोच्या सांगाड्याच्या हातात असते तशा भाल्याची काळी दांडी तिने शोधली, दोन्ही टोकांना छिद्राचे गोल पीस ओवले, आणि मधोमध पिवळा. पिवळा सिलिंडर काढून तिथे एमजीयू-एच केला आहे. आता एक सिलिंडर कमी पडतोय, म्हणून ती पलंगाखाली राखाडी गोल शोधते आहे.